चालणाऱ्याची वही

आमच्या अंजनगाव सुर्जीचे नाव इतिहासाच्या पुस्तकात एकाच पानावर येते. ३० डिसेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे आणि इंग्रज यांच्यात जो तह झाला, तो सुर्जी-अंजनगावचा तह. वर्गात हा धडा आला, की गावाचे नाव छापलेले पाहून मुलांच्या माना ताठ होतात. आणि त्या तहाने काय काय गेले याची यादी वाचली, म्हणजे गंगा-यमुनेमधला दुआब, अहमदनगर, भडोच, की त्याच माना पुन्हा खाली जातात. असो. मला आज तहाविषयी लिहायचे नाही. त्या मोहिमेत जनरल वेलस्लीच्या घोड्याशेजारी घोडा ठेवून फिरणाऱ्या एका चोवीस वर्षांच्या तरुणाच्या वहीविषयी, आणि त्या वहीवरून मनात जे विचार सुरू झाले त्यांविषयी लिहायचे आहे.

हा तरुण म्हणजे माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. पुढे १८१९ पासून १८२७ पर्यंत मुंबई इलाख्याचा गव्हर्नर झाला तोच. आसईची लढाई, आमच्या शेजारची अडगावची लढाई आणि गाविलगडाचा पाडाव, या तिन्ही प्रसंगी तो वेलस्लीबरोबर होता. या गृहस्थाला लिहिण्याची खोड होती. दिवसभर घोड्यावर हाडे खिळखिळी झाली तरी तंबूत आल्यावर तो दिवा लावून बसे आणि कुठे काय पाहिले, कोण काय बोलले, आपण भ्यालो की नाही, हे लिहून काढी. मोहिमेतली त्याची कितीतरी पत्रे स्ट्रेची नावाच्या मित्राला लिहिलेली आहेत. त्याच्याच सोबतीने एल्फिन्स्टन पूर्वी कलकत्त्याहून पुण्याला आला होता. वाटेतली मौज बरोबरीने भोगलेला तो दोस्त आता दूर होता, आणि पुढचे ऐकायला उत्सुक होता. म्हणून गाविलगडच्या तोफांचा धूर अजून कागदावर राहिला आहे.

पण त्याच फौजेत हजारो माणसे पायी चालत होती. पलटणीतले शिपाई, ओझी वाहणारे हमाल, बैलांच्या पाठीवर धान्य लादून मागोमाग येणारे बंजारे. गाविलगडाचा चढ मी विद्यार्थ्यांना घेऊन चढलो आहे. पाठीवर दोन दिवसांचा शिधा आणि एक पांघरूण एवढ्यानेच माणसाला आपल्या पूर्वजांची आठवण होते. तिथे जड तोफा डोंगरातून ओढून नेणाऱ्यांनी त्या रात्री काय बोलून अंग टाकले असेल? त्यांची वही कुठेच नाही. वही ठेवायची तर ती वाहणारे जनावर पाहिजे, तंबू पाहिजे, दिव्यात तेल पाहिजे, आणि दुसऱ्या टोकाला ती वाचणारा कोणीतरी पाहिजे. यांतले पहिले तीन नसले तरी एक वेळ चालते. चौथ्यावाचून मात्र काहीच चालत नाही, असे मला अलीकडे वाटू लागले आहे, आणि त्याला आमच्या वऱ्हाडातलाच एक दाखला आहे.

आपल्याकडे पायी फिरणाऱ्यांची वाण कधीच नव्हती. खांद्यावर पडशी, काखेत वळकटी, हातात लोटा आणि दोरी, एवढ्यावर लोक काशीला जाऊन येत. वारकरी आहेत, गोसावी आहेत, गावोगाव हिंडणारे कीर्तनकार आहेत. या मंडळींनी रोजनिश्या ठेवल्या नाहीत म्हणून नाक मुरडणारे विद्वान मी पाहिले आहेत. हिंदू माणसाला इतिहास लिहिता येत नाही, हे त्यांचे आवडते वाक्य. अशांना मी अचलपूर, चांदूरबाजारच्या अंगाने रिद्धपूरला जाऊन यायला सांगतो.

मोर्शी तालुक्यातले हे रिद्धपूर. मराठीतला आद्य गद्यग्रंथ म्हणून ज्याला मान आहे, तो 'लीळाचरित्र' हा ग्रंथ इथे, वाजेश्वरीच्या स्थानी, इ. स. १२७८ च्या सुमारास सिद्ध झाला. धर्मग्रंथ म्हणून महानुभाव मंडळी त्याला मस्तकी लावतात ते योग्यच आहे. पण पंथाबाहेरच्या माझ्यासारख्याने तो उघडला, तर पहिल्यांदा काय दिसते? एक माणूस चालतो आहे. भडोचच्या प्रधानाचा हा पुत्र रामटेकच्या यात्रेचे निमित्त करून घराबाहेर पडतो, रिद्धपूरला श्रीगोविंदप्रभूंना भेटतो, आणि मग सर्व टाकून चालू लागतो. भडोच! ज्या भडोचहून श्रीचक्रधरस्वामी पायी आमच्या बाजूला आले, तेच भडोच पुढे पाचशेहून अधिक वर्षांनी आमच्या गावच्या कागदावर इंग्रजांच्या पदरात पडले. इतिहासात असे धागे पुष्कळ. त्यांत अर्थ शोधू नये, पण दिसले तर पाहून घ्यावे.

स्वामींच्या या भ्रमणाचा पहिला भाग 'एकांक' या नावाने ओळखला जातो. एकांक म्हणजे ते एकटे फिरत होते तो काळ. सातपुड्यात, सालबर्डीच्या डोंगरात, अनोळखी गावांच्या देवळांत. बरोबर कोणी नाही. मग तो काळ लिहिला कसा गेला? शिष्यांनी पुढे विचारले म्हणून. महदाइसा नावाची एक शिष्या होती. आद्य मराठी कवयित्री म्हणून आपण जिचे नाव घेतो तीच ही. हिला प्रश्न विचारल्यावाचून राहवत नसे. हे कसे जी, ते कसे जी, तेव्हा तुम्ही कुठे होता जी, असे चाललेलेच. असा प्रश्न विचारणारा माणूस घरात असला, की इतरांना त्याचा थोडा वैताग येतो. परंतु शिष्यांच्या अशा प्रश्नांवाचून त्या एकट्या वाटेवरचे एक पाऊलही आपल्यापर्यंत पोचले नसते.

आणि मग म्हाइंभट. हा सराळ्याचा मोठा शास्त्री. प्रथम वाद घालायला आलेला आणि नंतर शिष्य झालेला. स्वामी दृष्टीआड झाल्यावर रिद्धपुरात नागदेवाचार्यांभोवती मंडळी जमली होती आणि ज्याला त्याला आठवणींनी गहिवरून येत होते. गहिवर सगळ्यांना येतो; पण म्हाइंभटाला सुचले, की हे सारे गोळा केले पाहिजे. नागदेवाचार्यांच्या स्मरणातले त्यांनी विचारून घेतले, आणि बाकीच्यांचे मिळवण्यासाठी स्वतः गावोगाव हिंडले. ज्याने जे पाहिले ते त्याच्याच तोंडून ऐकायचे, दुसऱ्याच्या सांगण्याशी ताडून पाहायचे, आणि नागदेवाचार्यांपुढे ठेवायचे. चालणाऱ्या माणसाचे चरित्र लिहिण्यासाठी लिहिणाऱ्यालाही चालावे लागले, ही गोष्ट मला फार आवडते. त्यांनी काय टिपले पाहा: स्वामी कोणत्या देवळात उतरले, कोणाच्या घरचे जेवले, कोण रुसले, कोणाची कशी समजूत घातली, वाटेत काय दिसले. मोठमोठ्या तत्त्वांच्या शेजारी अन्नाचे आणि पांघरुणाचे तपशील. यादवांच्या काळचा महाराष्ट्र काय खात होता हे आज सांगता येते, ते ताम्रपटांपेक्षा अशा तपशिलांमुळे.

याच परंपरेत चौदाव्या शतकात मुनिव्यास कोठी यांची 'स्थानपोथी' तयार झाली. पुष्कळांनी तिचे नावही ऐकलेले नसते. प्रवासाची वही म्हणावी असे पुस्तक मराठीत कोणते, असे मला विचाराल तर मी या पोथीकडे बोट दाखवीन. स्वामी ज्या ज्या गावी गेले त्या गावांची ही नोंद. गावाच्या कोणत्या दिशेला देऊळ, त्याचे दार कुठल्या बाजूला, स्वामींची बसायची जागा कोणती, वास्तव्य किती दिवस. वर्णन नाही, अलंकार नाही, उमाळा नाही. पूर्वाभिमुख, पश्चिमाभिमुख, उत्तरेस, दक्षिणेस, एवढेच. पहिल्यांदा वाचताना कंटाळा येतो. मग ध्यानात येते, की पुढे येणाऱ्या एखाद्या वाटसरूला ती जागा अचूक सापडावी म्हणून हा खटाटोप आहे. पाठीवर पिशवी टाकून हिंडणाऱ्या आजच्या तरुणांना मी सांगतो, की बाबांनो, सूर्यास्त सगळ्यांचे सारखेच असतात; पाणी कुठे होते ते लिहा.

या ग्रंथाचे पुढे जे झाले तेही ऐकण्यासारखे आहे. चौदाव्या शतकाच्या आरंभी दिल्लीच्या फौजांच्या धामधुमीत 'लीळाचरित्रा'ची मूळ प्रत नाहीशी झाली. गोळा करणारे म्हाइंभट तेव्हा उरले नव्हते. पण ऐकून ऐकून पाठ असलेली माणसे उरली होती. हिराइसा नावाच्या एका बाईच्या स्मरणातून तो बराचसा पुन्हा उभा राहिला. इतरांनी आपापल्या आठवणीतून उभा केला. साहजिकच एकाचे एक आणि दुसऱ्याचे दुसरे असे झाले, आणि निरनिराळे पाठ तयार झाले. मग या मंडळींनी काय करावे? कोणाचा खरा आणि कोणाचा खोटा याचा झगडा करून एक फाडून टाकावा? त्यांनी अमक्याच्या आठवणीप्रमाणे असे, तमक्याच्या आठवणीप्रमाणे तसे, म्हणून दोन्ही जपले. इतका प्रामाणिकपणा आजच्या वर्तमानपत्रांत सापडला तर मी त्या वर्तमानपत्राचा वर्गणीदार होईन.

नंतर हे सारे वाङ्मय सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहिले गेले आणि बाहेरच्या जगाला शेकडो वर्षे दुर्बोध झाले. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे, भावे यांच्यासारख्यांनी ते कुलूप उघडले. आमच्या बाजूचे, मलकापूरजवळच्या नरवेलचे डॉ. वि. भि. कोलते यांनी आयुष्याची कितीतरी वर्षे या पोथ्यांत घातली, आणि १९७८ साली त्यांनी संपादिलेले 'लीळाचरित्र' प्रसिद्ध झाले. सातशे वर्षांपूर्वी एकाने विचारले, दुसऱ्याने सांगितले, तिसरीने पाठ ठेवले, चौथ्याने लपवले आणि पाचव्याने उलगडले, तेव्हा कुठे ती वही आमच्या टेबलावर आली. आता तर रिद्धपूरला मराठी भाषेचे विद्यापीठही झाले आहे.

वऱ्हाडातून आता जरा कोकणात जाऊ. वाट मात्र आमच्या तहावरूनच जाते. ज्या दौलतराव शिंद्यांनी हा तह केला, त्यांच्या पत्नी बायजाबाई त्यांच्या मागे पुष्कळ वर्षे होत्या. १८५७ च्या आरंभी अशी वार्ता पसरली, की बायजाबाई मथुरेस सर्वतोमुख यज्ञ करणार आणि लाखो रुपये दानधर्म होणार. पेणजवळच्या वरसई गावात विष्णुभट गोडसे नावाचे तिशीतले भिक्षुक होते. घरात कर्ज झालेले. दक्षिणा मिळेल, कर्ज फिटेल, तीर्थयात्राही घडेल, म्हणून ते आपल्या काकांना बरोबर घेऊन उत्तरेकडे चालू लागले. बिचाऱ्यांना ठाऊक नव्हते, की आपण दक्षिणेकडे नव्हे तर बंडाकडे चाललो आहोत. महूच्या अलीकडे शिपाई भेटले आणि पुढे काय पेटणार आहे ते त्यांनी सांगितले. शहाणा माणूस तिथूनच परतला असता. हे दोघे पुढे गेले.

त्यांचा 'माझा प्रवास' ठाऊक नसलेला मराठी वाचक विरळाच, म्हणून कथा सांगत बसत नाही. १८५८ च्या वसंतात झाशीला वेढा पडला तेव्हा विष्णुभट शहरात होते. तोफगोळे, कत्तल, लूट, ग्रंथालयाची धूळधाण, सारे त्यांनी जवळून पाहिले. होते नव्हते ते लुटीत गेले. काल्पीच्या वाटेवर एका विहिरीशी तहानेने व्याकूळ झालेली राणी लक्ष्मीबाई त्यांना भेटली. त्यांनी पाणी शेंदायला पुढे व्हावे, तर विद्वान ब्राह्मणाला कष्ट नकोत म्हणून तिने पोहरा स्वतःच घेतला. अखेर धन नव्हे, तर गंगेची कावड खांद्यावर घेऊन ते वरसईला आले आणि आईवडिलांना त्या पाण्याने स्नान घातले.

मला सांगायचे आहे ते यापुढचे. घरी आल्यावर विष्णुभटांनी काहीही लिहिले नाही. एक वर्ष नाही, दहा नाही. जवळजवळ पंचवीस वर्षे तो सारा प्रलय त्यांच्या डोक्यात तसाच पडून होता. याज्ञिकी करणाऱ्या भिक्षुकाला आपण पाहिलेले कोणी वाचील असे वाटावे तरी कसे? मग त्यांचे यजमान असलेल्या वैद्यांच्या घरातले एक चौकस तरुण, चिंतामणराव वैद्य, पुढे महाभारतावर लिहिणारे तेच, त्यांनी आग्रह धरला, की हे लिहा. १८८३ च्या सुमारास ते लिहून झाले. तेव्हा विष्णुभट छपन्न वर्षांचे होते. इंग्रजी अंमलात ते छापणे सोपे नव्हते. वैद्यांनी ते १९०७ साली बाहेर काढले, तेही भाषा नीटनेटकी करून आणि काही भाग गाळून. मूळ हस्तलिखितावरून त्याचे अस्सल रूप दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली पुढे आणले.

पंचवीस वर्षांनी लिहिलेल्या प्रवासात तारखा घसरतात, ऐकीव गोष्टी पाहिल्यासारख्या होतात. इंग्रजांनी राजेरजवाड्यांपुढे चौऱ्याऐंशी कलमे मांडली ही त्या वेळची बाजारगप्प विष्णुभटांनी मोठ्या विश्वासाने दिली आहे. इतिहासकार यावर बोट ठेवतात, आणि ते त्यांचे कामच आहे. परंतु मला विचाराल तर ती गप्पही मला हवी आहे. लोक चुलीपाशी काय बोलत होते हे कुठल्या सरकारी दप्तरात सापडणार? एल्फिन्स्टनने त्याच रात्री लिहिले म्हणून त्याच्यात ताजेपणा आहे. विष्णुभटांच्या लिहिण्यात एवढी वर्षे गेल्यावरही जे पुसले गेले नाही तेवढेच आहे, आणि विहिरीवरचा पोहरा त्यात शिल्लक राहिला आहे.

आमच्या तालुक्यातल्या सर्वांत मोठ्या चालणाऱ्या माणसाचे नाव मी अजून घेतले नाही. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी शेंडगावला जन्मलेले देबूजी झिंगराजी जाणोरकर, म्हणजे गाडगेबाबा. १९०५ साली घर सोडले ते १९५६ साली वलगावपाशी देह ठेवीपर्यंत हा माणूस थांबला नाही. सामान काय, तर एक गाडगे, एक खराटा आणि अंगावर चिंध्या. याहून हलके ओझे घेऊन कोणी महाराष्ट्र हिंडला असेल असे वाटत नाही. अक्षरओळख नाही, मग वही कुठली! वाटेत झाडलेले गाव दुसऱ्या दिवशी पुन्हा मळते, त्याची नोंद कोण ठेवणार? तरीही त्यांच्या मागे ठाकरे, दांडेकर यांच्यासारखे लिहिणारे लागले म्हणून आज पुष्कळ टिकले आहे. यांतले गो. नी. दांडेकर म्हणजे आमच्या शेजारच्या परतवाड्यात १९१६ साली जन्मलेले. पोरवयातच घर सोडलेले, गाडगेबाबांच्या सहवासात राहिलेले, नर्मदेची परिक्रमा पायी केलेले, आणि पुढे किल्ल्याकिल्ल्यावर पाठीवर बिऱ्हाड घेऊन हिंडलेले. त्यांच्या परिक्रमेच्या पुस्तकाचे नाव 'कुणा एकाची भ्रमणगाथा'. आपले नाव न घालता 'कुणा एकाची' म्हणणे, हे मला खास रस्त्यावरच्या माणसाचे लक्षण वाटते.

या सगळ्या वाचनाचा परिणाम म्हणा, मी एका उन्हाळ्याच्या सुटीत दोनशे पानी वही आणली आणि आमच्या आजीपुढे बसलो. आजी लग्नानंतर तीन वेळा कौंडण्यपूरच्या रुक्मिणीमातेच्या पालखीबरोबर पंढरपूरला पायी गेली होती. महिन्याहून अधिक दिवसांची चाल. घरात हे सर्वांना ठाऊक होते, जसे घरात किती खांब आहेत हे ठाऊक असते तसे. मी म्हटले, आजी, सांग. ती तूर निवडत होती. सूप न थांबवता म्हणाली, "चालत गेली, चालत आली. त्याच्यात काय लिवाचं हाये?"

दोन दिवस असेच गेले. तिसऱ्या दिवशी मी निराळे विचारले. पहिल्या मुक्कामी भाकरी कोणी थापल्या? त्याबरोबर सूप खाली आले. मग मात्र मला लिहिताना हात दुखायला लागला. मुक्कामांची नावे तिला बोटांच्या पेरांवर पाठ होती. अंगठा पेरावरून पुढे सरकला की पुढचे गाव. देवळांविषयी तिने फार थोडे सांगितले. कोणत्या गावचे पाणी खारट, कोणत्या गावी पाटलाच्या सुनेने ताकाची घागर वाटेवर आणून ठेवली, कुठे सगळ्याजणींनी एकाच लुगड्याचे दोन्ही पदर धरून ओढा ओलांडला, पायाच्या फोडावर काय बांधले, कोणाचे मूल कुठे आजारी पडले आणि कुठे बरे झाले, हे मात्र तिने अशा बारकाईने सांगितले, की स्थानपोथीकारांनी तिला आपल्या शेजारी बसवली असती. रोज संध्याकाळी लिहिलेले वाचून दाखवावे लागे. माझ्या एका कादंबरीला इनाम मिळाले तेव्हा जी माणसे कौतुक करीत होती, त्यांच्यापेक्षा ही परीक्षक कडक होती. एका जागी ती म्हणाली, "इहीर डाव्या हाताले नवती, बापू. उजव्या हाताले होती. खोड ते."

मी खोडले.

पुढे कळले, की तिच्या दिंडीतल्या बायांपैकी एकजण सुर्जीत अजून हयात आहे. मी वही घेऊन तिच्याकडे गेलो. पानमळ्यात सारा जन्म गेलेली ती म्हातारी, दृष्टी अधू, पण ओसरीवर बसून सारे ऐकले. ताकाची घागर खरी. लुगड्याचा पदर खरा. पण ते लुगडे माझे होते, तुझ्या आजीचे नव्हे, असे तिने बजावून सांगितले. आणि विहिरीपाशी आल्यावर मान हलवली. विहीर डाव्याच हाताला होती. तिथे पाय धुतल्याचे तिला पक्के आठवत होते. मी म्हाइंभटांच्या मंडळींचे स्मरण करून समासात तेही लिहिले: यांच्या आठवणीप्रमाणे डाव्या हाताला.

घरी येऊन आजीला वाचून दाखवले. लुगड्याचे तिने हसून मान्य केले. विहिरीचे ऐकून मात्र सूप बाजूला ठेवले.

"तिले काय माहीत?" ती म्हणाली. "ते तं मांगं राहली होती."